तलावाचा उथळ काठ

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे तलावांचे जिल्हे म्हणून ओळखले जातात. गावागणिक एखादा तलाव आणि शेतागणिक एखादी बोडी हे येथील जुने दृश्य. यातील बहुसंख्य तलाव माजी मालगुजारी तलाव होत. लोकभाषेत त्यांना ‘मामा तलाव’ असे सुटसुटीत नाव पडले आहे. त्यांची संख्या साडेसहा हजारांहून अधिक भरते. गोंड राजांच्या राजवटीत तलाव बांधणाऱ्यास जमीन देण्याचा प्रघात होता आणि कोहळी समाजाने या कामात विशेष कौशल्य मिळविले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अशी परंपरा सांगितली जाते. हे तलाव मुख्यतः धानासाठी बांधले गेले. परंतु दोन-तीन शतकांच्या ओघात ते केवळ पाणी साठविण्याचे हौद राहिले नाहीत. मासे, पाणवनस्पती, पक्षी, सूक्ष्म जीव आणि त्यांवर उपजीविका करणारी माणसे अशी एक संपूर्ण परिसंस्था त्यांत नांदू लागली.

तलावाच्या पाण्याची प्रत मुख्यतः कशावर अवलंबून असते, असा प्रश्न विचारल्यास बहुतेक जण पाण्याच्या साठ्याकडे बोट दाखवितात. पाणी भरपूर आणि खोल असले म्हणजे ते शुद्ध असणार, अशी ही समजूत आहे. ती पुरती खरी नाही. तलावाचे पाणी निवळ ठेवण्याचे बरेचसे काम त्याच्या उथळ भागात होत असते आणि नेमका हाच भाग आपण ‘निरुपयोगी’ म्हणून नोंदवितो.

तलावाची रचना डोळ्यांपुढे आणली म्हणजे हे ध्यानी येईल. उताराच्या खालच्या अंगास मातीची पाळ असते. पाळीत तुडूम आणि एका टोकास सांडवा. पाळीजवळ पाणी सर्वांत खोल. तेथून वरच्या अंगास, म्हणजे जिकडून ओढे-ओहोळ येऊन मिळतात तिकडे, तळ हळूहळू चढत जातो आणि अखेरीस गुडघाभर, घोटाभर पाण्याचा रुंद पट्टा लागतो. पावसाळ्यात शेतांतून, गोठ्यांतून, गावाच्या आखरावरून वाहत येणारे गढूळ पाणी तलावात शिरते ते याच पट्ट्यातून. येथे गवते, लव्हाळे, देवधान नावाचे रानभात आणि पानकणीस उभे असते. थोडे आत कमळ, कुमुदिनी, शिंगाडा यांची तरंगती पाने आणि त्याही आत हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या संपूर्ण बुडून राहणाऱ्या वनस्पती. या दाटीत शिरताच पाण्याचा वेग मंदावतो व त्याने वाहून आणलेली माती खाली बसते. मातीच्या कणांना चिकटून आलेले स्फुरदही तिच्याबरोबर तळाशी जाते. म्हणजे खोल पाण्यापर्यंत पोचण्यापूर्वीच येणारे पाणी गाळले जाते.

नत्राची विल्हेवाट अधिक कुतूहलजनक आहे. पाणवनस्पतींच्या मुळांशी प्राणवायू झिरपतो. दोन बोटे पलीकडे चिखलात तो मुळीच नसतो. प्राणवायू असलेल्या जागी काही जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात आणि नसलेल्या जागी दुसरे जिवाणू त्याच नायट्रेटचे नत्रवायूत रूपांतर करून तो हवेत सोडून देतात. शेतात टाकलेल्या युरियाचा वाहून आलेला अंश असा पुन्हा वातावरणात जातो. या कामास ना वीज लागते, ना यंत्र. लागतो तो चिखल, मुळे आणि उथळ पाणी.

प्राणवायूचा हिशेब

पाण्यातील जीवसृष्टीचा विचार करताना प्राणवायूचा हिशेब प्रथम मांडावा लागतो. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर पाण्यात मात्र २० अंश सेल्सिअस तापमानाला जेमतेम ९ मिलिग्रॅम आणि ३० अंशांना साडेसात मिलिग्रॅम इतकाच तो विरघळू शकतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात पाणी जसजसे तापते तसतशी ही शिल्लक घटत जाते आणि त्याच वेळी माशांची व जिवाणूंची गरज वाढत असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ठरविलेल्या वर्गवारीनुसार मत्स्यपालनास व वन्यजीवांस योग्य अशा पाण्यात लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम, उघड्यावरील स्नानास योग्य पाण्यात किमान ५, तर केवळ निर्जंतुकीकरण करून पिण्यास वापरावयाच्या पाण्यात किमान ६ मिलिग्रॅम प्राणवायू असावयास हवा. यावरून वरची शिल्लक किती तुटपुंजी आहे हे लक्षात येते.

ही शिल्लक दिवसभरात सारखी राहत नाही. सूर्यप्रकाशात पाणवनस्पती व शेवाळ प्राणवायू निर्माण करतात. रात्री मात्र तीच मंडळी इतर सर्व जीवांप्रमाणे तो वापरतात. त्यामुळे दुपारी तीनच्या सुमारास प्राणवायू सर्वाधिक आणि पहाटे सर्वांत कमी असतो. ज्या तलावात शेवाळ बेसुमार वाढले आहे तेथे दुपारचा आकडा फार समाधानकारक येतो आणि पहाटे मासे तोंड वर काढून पाण्याच्या पृष्ठभागावर घुटमळताना दिसतात. दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिले की एखाद्या सकाळी मेलेल्या माशांचा खच काठाला लागतो. गावात मग कोणी विष कालविल्याची बोलवा होते, कधी तक्रारीही होतात. विषप्रयोग घडतच नाहीत असे नव्हे. पण पाणी हिरवेगार असेल, आधीचे दिवस ढगाळ गेले असतील आणि मरतूक पहाटेच झाली असेल, तर संशयाची सुई माणसांकडे वळविण्यापूर्वी शेवाळाचा विचार अवश्य करावा. पाण्याचा नमुना दुपारीच घेऊन ‘प्राणवायू योग्य’ असा शेरा मारणाऱ्यांनीही या गोष्टीची नोंद घेतलेली बरी.

शेवाळ एवढे माजते कशामुळे? त्याचे मुख्य कारण स्फुरद. गोड्या पाण्यात साधारणतः याच द्रव्याचा तुटवडा असतो आणि म्हणून शेवाळाच्या वाढीला आपोआप आळा बसतो. एक किलो स्फुरद पाण्यात आले म्हणजे त्यावर सुमारे शंभर किलो सुके शेवाळ पोसले जाऊ शकते. सांडपाणी, साबणाचे पाणी, शेणखताचे वाहून आलेले ढीग, खतांचा अंश हे सर्व स्फुरदाचे पुरवठादार होत. यात नील-हरित शेवाळाची भर पडली की पाण्यावर हिरवट साय धरते, दुर्गंधी सुटते. त्यातील काही प्रकार विषारी असतात व असे पाणी प्यालेली गुरे दगावू शकतात.

येथे एक सूक्ष्म मुद्दा आहे. तितकेच स्फुरद असूनही एक तलाव निवळ राहतो आणि दुसरा हिरवा होतो, असे का घडते? उथळ तलाव दोन निरनिराळ्या स्थितींत स्थिरावू शकतात, असे त्यांच्या अभ्यासातून दिसून आले आहे. पहिल्या स्थितीत तळाशी भरपूर बुडीत वनस्पती असतात. त्या गाळ धरून ठेवतात, लाटांनी तळ ढवळू देत नाहीत आणि शेवाळ खाणाऱ्या प्राणिप्लवकांना दडण्यास आसरा देतात. पाणी निवळ म्हणून प्रकाश तळापर्यंत पोचतो. प्रकाश पोचतो म्हणून वनस्पती टिकतात. दुसऱ्या स्थितीत वनस्पती नाहीत, म्हणून गाळ ढवळतो, पाणी गढूळ व हिरवे राहते आणि अंधाऱ्या तळाशी वनस्पती पुन्हा रुजू शकत नाहीत. दोन्ही स्थिती आपापल्या परीने पक्क्या असतात. पहिलीतून दुसरीत जाणे सोपे. परतीचा मार्ग मात्र लांबचा व खर्चाचा. म्हणूनच वनस्पती शिल्लक आहेत तोवरच त्यांना जपणे शहाणपणाचे ठरते.

घडी कशी विसकटली

मालगुजारी पद्धत ३१ मार्च १९५१ रोजी संपुष्टात आली आणि तलाव शासनाकडे आले. जमीनधारणेतील हा बदल न्याय्यच होता. तथापि दरवर्षी पाळीवर माती टाकणे, तुडूम दुरुस्त करणे, सांडवा मोकळा ठेवणे ही कामे ज्या गावव्यवस्थेतून होत, ती व्यवस्थाही त्याबरोबर सैल झाली. पुढे १०० हेक्टरांपर्यंत सिंचनक्षमता असलेले तलाव जिल्हा परिषदांच्या अखत्यारीत राहिले. मासेमारीचे हक्क मुख्यतः ढिवर समाजाच्या सहकारी संस्थांकडे, सिंचन एका खात्याकडे, काठची जमीन दुसऱ्याकडे अशी वाटणी झाली. पाण्याच्या प्रतीकडे पाहणे हे मात्र कोणाच्याच वाट्याला आले नाही.

त्यातच बेशरम आली. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही झुडुपवजा वनस्पती कुंपणासाठी व शोभेसाठी पसरली आणि तलावांच्या उथळ काठावर तिने ठाण मांडले. तिला गुरे तोंड लावीत नाहीत, ती पुरात बुजत नाही, उन्हाळ्यात वाळत नाही आणि तोडून टाकलेल्या कांड्यांना पुन्हा मुळे फुटतात. लोकांनी तिला दिलेले नाव इतके नेमके आहे की त्यावर भाष्य करण्याचे कारण नाही. तिच्या दाटीखाली देवधान, कुमुदिनी, लव्हाळे यांना जागाच उरत नाही.

दुसरा बदल माशांच्या बाबतीत झाला. रोहू, कटला व मृगल हे नदीच्या पुरात वीण करणारे मासे. तलावाच्या स्थिर पाण्यात ते सहसा वीण करीत नाहीत. १९५७ साली कटक येथे हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या जातींची वीण घडवून आणली आणि मत्स्यबीज मुबलक मिळू लागले. ही भारतीय मत्स्यशास्त्रातील फार मोठी कामगिरी होय. परंतु तिच्या जोडीने गवत्या आणि सायप्रिनस हे परदेशी मासेही तलावात आले. गवत्या पाणवनस्पतींवरच जगतो. सायप्रिनस तळाचा चिखल उकरून अन्न शोधतो. निवळ तलावाला गढूळ करण्यास ही जोडी पुरेशी आहे. उलट मरळ, मागूर यांसारखे स्थानिक मासे उथळ पाण्यातील गवतातच वीण करतात. मरळीचे नर-मादी तर पिलांची राखणही करतात. त्यांचे बीज विकत आणावे लागत नाही, त्यांना बाजारभावही चांगला मिळतो. उथळ काठ गेला की ही फुकटची पैदास थांबते आणि मच्छीमार संस्था दरवर्षीच्या विकतच्या बीजावर अवलंबून राहते. काठाच्या प्रश्नाला अशी पोटापाण्याची बाजू आहे.

तिसरी गोष्ट सांगताना थोडा संकोच वाटतो, कारण ती सद्हेतूने केलेल्या कामांबद्दल आहे. तलावातील गाळ काढणे हे आवश्यक काम आहे. २०१७ पासून राबविण्यात आलेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने शेतांना सुपीक माती मिळवून दिली व साठाही वाढविला. पण अंदाजपत्रक घनमीटरांत होते, देयकही घनमीटरांत निघते आणि यंत्राला उथळ भागात शिरणे सर्वांत सोयीचे असते. परिणामी कित्येक ठिकाणी चढत जाणारा काठ खोदून तलावाला उभ्या भिंतींच्या हौदाचे रूप येते. पाणी वाढते, पण ते गाळणारा पट्टा नाहीसा होतो. शिवाय खोल, संथ पाण्यात उन्हाळ्यात वरचा थर तापतो आणि खालचा थंड थर त्याच्यात मिसळत नाही. तळाशी प्राणवायू संपतो आणि लोहाशी बांधले गेलेले स्फुरद चिखलातून पुन्हा पाण्यात उतरते. खोदकाम तळाच्या चिकण थराच्या खाली गेले तर पाझर वाढण्याचा धोका निराळाच.

शहरातील तलावांची अवस्था याहून बिकट आहे. चंद्रपूरच्या गोंडकालीन रामाळा तलावात सांडपाणी व जलपर्णी यांनी जो उच्छाद मांडला, तो वृत्तपत्रांतून अनेकदा प्रसिद्ध झाला आहे. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येते आणि तिच्या पात्रात जलपर्णीच्या रूपाने प्रकट होते. तेथे उपाय सांडपाणी शुद्धीकरणाचाच. खेड्यातील तलावाला मात्र तो अजून स्वतःपुरता सावरता येण्याजोगा आहे.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रयोग

हे विधान आशेपोटी केलेले नाही. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात काही गावांतील ढिवर महिला व मच्छीमार संस्था यांनी, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साहाय्याने, आपल्या तलावांत हे काम करून दाखविले आहे. प्रथम बेशरम मुळासकट उपटली. पाणी ओसरल्यावर तळाचा काही भाग नांगरला. आणि दुसऱ्या तलावांतून आणलेल्या हायड्रिलासारख्या बुडीत व कुमुदिनीसारख्या तरंगत्या वनस्पती तेथे लावल्या. कोणती वनस्पती किती पाण्यात लावावयाची, कोणता मासा कोणत्या गवतात अंडी घालतो, ही माहिती वृद्ध ढिवर मंडळींकडून घेतली. वनस्पती रुजल्यावर स्थानिक माशांचे प्रमाण वाढले आणि पाणपक्षीही परतले. मारुती चितमपल्ली यांनी नवेगावबांध येथे वनाधिकारी असताना पक्ष्यांची व वनस्पतींची कितीतरी नावे याच लोकांकडून टिपून घेतली होती, हे अनेक वाचकांना ठाऊक असेल. तोच ज्ञानसाठा येथे कामी आला. महाराष्ट्रात सारस क्रौंच उरला आहे तो मुख्यतः गोंदिया व त्यालगतच्या भागात. त्याची घरटी धानाच्या बांध्यांत व अशाच उथळ पाणथळींत असतात.

कायद्याच्या कक्षेबाहेर

पाणथळ जागांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर येथे झाला. भारतात तो १ फेब्रुवारी १९८२ पासून लागू झाला. त्यातील व्याख्येत नैसर्गिक व कृत्रिम, कायम व हंगामी, वाहत्या व स्थिर अशा सर्व पाणथळी येतात. गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील बंधाऱ्यामागे गाळ साचून तयार झालेले नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले; त्याची नोंद २०१९ ची आहे. तेही मनुष्यनिर्मितच, ही बाब लक्षणीय आहे. आपल्या देशातील २०१७ च्या पाणथळ जागा नियमांत मात्र केवळ सिंचनासाठी अथवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय व्याख्येतून वगळण्यात आले आहेत. त्यामुळे शेकडो वर्षांचे मामा तलाव, त्यांत कितीही जीवसृष्टी असली, तरी सर्वसाधारणपणे त्या नियमांच्या संरक्षणाबाहेर पडतात. म्हणजे त्यांचे रक्षण करावयाचे ते ग्रामसभेच्या ठरावाने, जिल्हा परिषदेच्या तांत्रिक मंजुरीतील अटींनी आणि मत्स्यव्यवसाय संस्थेशी होणाऱ्या करारातील कलमांनी. ही साधने लहान असली तरी हाताशी आहेत.

शाळा आणि ग्रामपंचायत काय करू शकतील

पाण्याच्या निवळपणाची नोंद ठेवण्यास प्रयोगशाळा लागत नाही. इटालियन खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ साली भूमध्य समुद्रात वापरलेली साधी तबकडी आजही जगभर वापरात आहे. डब्याचे सुमारे २० सेंटिमीटर व्यासाचे झाकण घ्यावे, त्याचे चार भाग करून आलटून-पालटून काळा व पांढरा रंग द्यावा, मध्ये भोक पाडून खुणा केलेली दोरी ओवावी व खाली वजन बांधावे. डोंग्यातून तबकडी पाण्यात सोडीत न्यावी. ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवावी. प्रकाश साधारणपणे याच्या दुप्पट खोलीपर्यंत वनस्पतींना पुरतो. तबकडी अर्ध्या मीटरवरच दिसेनाशी होत असेल, तर एक मीटरपलीकडे बुडीत वनस्पती लावून उपयोग नाही, इतका व्यवहारी निष्कर्ष सातवी-आठवीचे विद्यार्थीही काढू शकतील. मुलांनी हे काम शिक्षकांच्या व पट्टीच्या पोहणाऱ्याच्या देखरेखीखालीच करावे. दर पंधरवड्याला, त्याच जागी, त्याच वेळी नोंद घेतली म्हणजे वर्षअखेरीस गावाजवळ स्वतःच्या तलावाचा आलेख तयार होतो. पाण्याचे तापमान, पाण्याचा रंग, पहाटे मासे वर आले होते काय, कोणती वनस्पती कोठवर पसरली आहे, एवढे रकाने पुरेत.

जल जीवन मिशनखाली अनेक गावांत महिलांना क्षेत्रीय तपासणी संच देऊन प्रशिक्षित करण्यात आले आहे. या संचाचा उपयोग नळाच्या पाण्यापुरता न ठेवता पाळीखालच्या विहिरींचे नायट्रेट तपासण्यासही करावा, कारण त्या विहिरींना पाझर तलावाचाच असतो. जिवाणू तपासणीची कुपी पाण्याचा नमुना भरून ठेवल्यावर एक-दोन दिवसांत काळी पडली, तर त्या पाण्यात विष्ठाजन्य दूषितता असण्याची दाट शक्यता समजून ते उकळल्याशिवाय वा क्लोरीन घातल्याशिवाय पिऊ नये.

गाळ काढण्याच्या कामाबाबत एक सूचना करावीशी वाटते. अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वी, शक्यतो एप्रिलमध्ये पाणी ओसरले असताना, सरपंच, कनिष्ठ अभियंता, मच्छीमार संस्थेचे प्रतिनिधी आणि गुरे चारणारी मंडळी यांनी तळ एकदा पायी फिरून पाहावा. ओहोळ जेथे तलावात शिरतात तेथपासून कमळ-कुमुदिनी जेथवर उगवते तेथवरचा पट्टा चुन्याने आखावा व ‘या रेषेच्या वर खोदाई नाही’ असे नकाशावर लिहून घ्यावे. माती न्यावयाची ती पाळीकडच्या खोल भागातून, तीही पाळीचा पायथा सोडून. वरच्या पट्ट्यात यंत्र न्यावयाचे ते फक्त बेशरमेची मुळे उकरण्यासाठी. उपटलेली झुडुपे तलावापासून दूर, कोरड्या जागी टाकून पूर्ण वाळवावीत. काठावरच ढीग लावल्यास पहिल्या पावसात ती पुन्हा पालवतात आणि वर्षभराची मेहनत वाया जाते. मृगाच्या सरी पडून तळ ओला झाला व टाचभर पाणी साचले की लागवडीस हात घालावा. रोपे विकत आणण्याची आवश्यकता नाही. पाच-दहा किलोमीटरांच्या परिसरात एखादा निवळ तलाव अजून सापडतोच आणि तो कोठे आहे हे गावातील जुन्या ढिवरास विचारावे.